नाकारलेले धान्य जाते कुठे?

व्यापारी पोत्याची शिवण उसवतो, कोपरापर्यंत हात आत घालतो आणि तळाकडचे मूठभर दाणे वर काढतो. ते तळहातावर पसरून पाहतो, एखादा दाणा दाताखाली धरतो, मग मूठ नाकाशी नेतो. दाणा कडकन फुटण्याऐवजी दबला किंवा मुठीला कोंदट, बुरसट वास आला, की तो मान हलवतो आणि पुढच्या पोत्याकडे वळतो. धान्याच्या कोणत्याही बाजारात रोज शेकडो वेळा घडणारी ही गोष्ट आहे आणि पारख म्हणून ती टाकाऊही नाही. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. ते पोते तिथून जाते कुठे? ते नष्ट होत नाही, कारण विकणाऱ्याने त्यावर वर्षभराचे कष्ट घातलेले असतात आणि त्याला त्याचे पैसे हवेच असतात. ते थोड्या कमी भावाने दुसऱ्याकडे जाते, त्यानेही नाकारले तर आणखी कमी भावाने तिसऱ्याकडे जाते, आणि अखेर ज्याला नाकारणे परवडत नाही अशा माणसाच्या घरात जाऊन थांबते. धान्यातल्या बुरशीजन्य विषांची चर्चा होते तेव्हा विषाची मर्यादा किती असावी, प्रयोगशाळा किती हव्यात, शिक्षा किती कडक हवी, यांवरच भर असतो. हे सारे हवेच. पण नाकारलेल्या धान्याची जबाबदारी कोणीच घेत नसेल, तर प्रत्येक नवा कडक नियम हे विष एक पायरी खाली ढकलतो आणि सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाच्या ताटात ते अधिक दाट करून वाढतो, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे मी इथे मांडत आहे.

आधी विषाविषयी थोडे. धान्यावर दिसणारी हिरवट, पांढरी, गुलाबी किंवा काळी बुरशी आणि तिने तयार केलेले विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना एकच समजल्यामुळे बहुतेक चुका होतात. बुरशी जिवंत असते. ती उन्हाने, औषधाने मरते, घासूनपुसून निघते. विष हे मात्र रसायन असते आणि ते तयार करणारी बुरशी मेल्यानंतरही दाण्यात जसेच्या तसे राहते. अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे त्यांतले सर्वांत घातक विष मोडायला साधारण २५० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते, आणि पाण्यात शिजणारे धान्य १०० अंशांच्या आसपासच राहते. त्यामुळे नीट शिजवले की झाले, हा दिलासा खोटा आहे. बुरसटलेले दाणे घासून, चोळून, चकचकीत करून पुन्हा विकायला ठेवले, तर गिऱ्हाइकाला सावध करणारी एकमेव खूण पुसली जाते आणि विष तेवढेच उरते.

या विषाचा शोध पक्ष्यांच्या मरणातून लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत दगावले. कारण उमगत नव्हते, म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ असेच नाव पडले. शोध घेता घेता तपास त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचला. ती ब्राझीलहून आलेली होती आणि तिच्यात अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीचे विष निघाले. बुरशीच्या नावावरूनच पुढे अ‍ॅफ्लाटॉक्सिन हा शब्द तयार झाला. यकृताच्या कर्करोगाशी असलेले त्याचे नाते आता वादातीत आहे. शांघायमधील अठरा हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासाचे १९९४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मला सर्वांत अस्वस्थ करतात. केवळ अ‍ॅफ्लाटॉक्सिन शरीरात गेल्याच्या खुणा असलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका तिपटीहून थोडा अधिक होता, केवळ हिपॅटायटिस-बी या यकृताला ग्रासणाऱ्या विषाणूची लागण असलेल्यांत सुमारे सातपट होता, आणि ज्यांच्यात दोन्ही होते त्यांच्यात तो जवळजवळ साठपट होता. जिथे गरिबी आहे तिथे हा विषाणूही पसरलेला असतो आणि निकृष्ट धान्यही तिथेच पोचते, त्यामुळे हा गुणाकार नेमका कोणाच्या वाट्याला येतो, हे वेगळे सांगायला नको.

अ‍ॅफ्लाटॉक्सिन एकटे नाही. फ्युजेरियम जातीच्या बुरशा मक्यात फ्युमोनिसिन आणि गव्हात, सातूत डिऑक्सिनिव्हॅलेनॉल तयार करतात. १९८७ साली काश्मीर खोऱ्यात पावसात भिजलेल्या गव्हामुळे पोटदुखी-उलट्यांची साथ आली, ती या दुसऱ्या गटातल्या विषांची. ऑक्राटॉक्सिन मूत्रपिंडाला मारक आहे, आणि राय धान्यावरच्या अरगट नावाच्या बुरशीने मध्ययुगीन युरोपात हातापायांची बोटे काळी पडून गळत. प्रत्येकाची बुरशी वेगळी, हवामान वेगळे, इजा वेगळी. बाजारात मात्र सगळ्यांची वाट एकच असते.

आता एका दाण्याचा हिशेब पाहू, कारण तपासणीचा सगळा पेच त्यात आहे. मक्याचे सुटे सुटे दाणे तपासले असता त्यांत किलोमागे चार लाख मायक्रोग्रॅमपर्यंत अ‍ॅफ्लाटॉक्सिन आढळल्याची नोंद आहे. मक्याचा दाणा साधारण एकतृतीयांश ग्रॅमचा असतो, तो ०.३ ग्रॅमचा धरला तर अशा एका दाण्यात १२० मायक्रोग्रॅम विष असेल. अमेरिकेत माणसाच्या अन्नासाठी ठरलेली कमाल मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे सहा किलो स्वच्छ मक्यात, सुमारे वीस हजार दाण्यांत, असा एकच दाणा असला तरी सगळा ढीग मर्यादेच्या काठावर येतो. मूठभर नमुन्यात तो दाणा आला तर संपूर्ण साठा नापास आणि नाही आला तर संपूर्ण साठा पास, अशी ही स्थिती आहे. म्हणून युरोपीय संघाच्या नियमांत मोठ्या साठ्यातून शंभर ठिकाणचे धान्य थोडे थोडे काढून दहा किलोंचा एकत्रित नमुना करावा लागतो, आणि तो सगळा बारीक दळून मगच परीक्षणासाठी अंश घेतला जातो. नमुना घेण्यातली चूक ही प्रयोगशाळेतल्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी असते, हे या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण जाणतो. जहाजभर धान्याला ही पद्धत परवडते. पाच पोती घेऊन आलेल्या शेतकऱ्याला आणि दोन किलो घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ती कधीच परवडणार नाही. म्हणून बाजारातले प्रत्येक पोते तपासून सुरक्षित करू, असे कोणी म्हणत असेल तर ते होणारे नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मग उरते ती ओल. दाण्यातले पाणी तेरा-चौदा टक्क्यांच्या खाली राहिले, तर साठवणीतली बुरशी जवळपास वाढतच नाही. ओल ओळखायला महागडे यंत्र लागतेच असेही नाही. काचेची कोरडी बाटली घ्यावी, तिच्यात एकतृतीयांश धान्य आणि दोन चमचे कोरडे मीठ घालावे, झाकण लावून मिनिटभर खळखळून हलवावी आणि दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ ठेवावी. मीठ काचेला चिकटलेले दिसले, तर धान्यात पंधरा टक्क्यांहून अधिक ओल आहे आणि ते पोत्यात भरण्याजोगे नाही. मीठ तळाशी सुटे राहिले, तर निदान तेवढी खात्री पटते. ही रीत वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना शिकवली जाते, आणि तरीही ओले धान्य बाजारात येतच राहते. याचे कारण अज्ञान नाही, तराजू आहे. अठरा टक्के ओल असलेले शंभर किलो धान्य तेरा टक्क्यांपर्यंत वाळवले, तर ते सव्वाचौऱ्याण्णव किलोच भरते. जो शेतकरी आणखी चार दिवस उन्हावर नजर ठेवतो, सकाळी धान्य पसरतो, संध्याकाळी गोळा करतो, पाऊस आला की धावत जाऊन झाकतो, त्याच्या पदरी या मेहनतीबद्दल पावणेसहा किलोंची तूट पडते. आणि जो ओले धान्य तसेच पोत्यात भरतो, त्याला पाण्याचेही पैसे धान्याच्या भावाने मिळतात. कोरडेपणाला भाव नसलेला बाजार स्वतःच्या हाताने बुरशी पोसत असतो, आणि मग दोष मात्र शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाला दिला जातो.

सगळे विष साठवणीतच तयार होते, असे नाही. दाणा भरण्याच्या वेळी दुष्काळ पडला, उष्णता वाढली, अळीने कणीस पोखरले, तर अ‍ॅस्परजिलस शेतातच दाण्यात शिरतो. त्यावर विष न बनवणाऱ्या त्याच बुरशीच्या जाती शेतात सोडून विषारी जातींना जागाच न ठेवण्याचा उपाय अमेरिकेत आणि पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत यशस्वी ठरला आहे. तो स्वागतार्ह आहे. पण शेतात स्वच्छ राहिलेला दाणा पुढे ओल्या जमिनीवर टेकलेल्या पोत्यात बिघडू शकतोच.

नाकारलेले किंवा नाकारायला हवे होते असे धान्य शेवटी कोण खातो, याचे उत्तर इतिहासात नोंदलेले आहे. १९७४ च्या हिवाळ्याच्या सुमारास राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत माणसे पोटात पाणी होऊन, कावीळ होऊन मरू लागली. ही गावे मक्यावर जगणारी होती, त्या वर्षी अवकाळी पावसाने मका भिजला होता, आणि घरातल्या त्याच अन्नावर वाढलेले कुत्रेही तसेच आजारी पडून मरत होते. कुत्र्यांच्या मरणामुळे संशय संसर्गावरून अन्नाकडे वळला. मक्याच्या नमुन्यांत किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅमपर्यंत अ‍ॅफ्लाटॉक्सिन सापडले, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या तीनशे ते सातशे पटींहून अधिक. शंभरांहून जास्त माणसे दगावली. त्या घरांतल्या माणसांना धान्य बुरसटलेले दिसत नव्हते, असे मला वाटत नाही. ते दिसत होते आणि घरात दुसरे धान्य नव्हते.

तीस वर्षांनी, २००४ साली, पूर्व केनियात हेच पुन्हा घडले. ३१७ जण आजारी पडले, १२५ मेले. या वेळी तपास करणाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. ते केवळ रोग्यांच्या घरी थांबले नाहीत, बाजारांत गेले. ६५ बाजारांतून मक्याचे साडेतीनशे नमुने घेतले. त्यांतले ५५ टक्के नमुने तिथल्या २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेबाहेर होते, ३५ टक्के शंभराच्या वर होते आणि ७ टक्के नमुन्यांत एक हजारांहून अधिक प्रमाण होते. बाधित भागातला शेतकऱ्यांचा मका बाजारात आला होता आणि तिथून तो कोणाच्याही घरी जात होता. केनियात मर्यादा कायद्याने ठरलेली होती. मर्यादेबाहेरच्या धान्याला जायला जागा मात्र ठरलेली नव्हती.

भूक असते तेव्हा नकार देता येत नाही, हे सर्वांत भयंकर रीतीने सोव्हिएत संघातल्या ओरेनबुर्ग प्रदेशात दिसले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेतात उभे राहिलेले आणि हिवाळाभर बर्फाखाली पडलेले धान्य माणसांनी वसंतात वेचून खाल्ले. त्यात फ्युजेरियमचे विष होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या, घशात जखमा झाल्या, रक्तस्राव झाला आणि हजारो माणसे मेली. त्यांना कितीही बजावले असते, तरी काय उपयोग झाला असता? जो इशारा दुसरे धान्य देत नाही, तो इशारा देणाऱ्याचे मन हलके करतो आणि ऐकणाऱ्याला तिथेच सोडून जातो.

माणसाने नाकारलेले धान्य जनावरांना घालावे, हा सर्वत्र चालणारा तोडगा आहे. घराघरांत निवडून काढलेले काळे, सुरकुतलेले, हलके दाणे कोंबड्यांपुढे आणि गाईंपुढे पडतात. निवडणे, पाखडणे उपयोगीच आहे, कारण फुटक्या, रंग बदललेल्या दाण्यांत विषाचा मोठा वाटा असतो. पण दुभत्या गाईच्या पोटात गेलेले अ‍ॅफ्लाटॉक्सिन एम-१ हे रूप घेऊन दुधात उतरते, आणि ते दूध मुलांच्या पोटात जाते. २०१२ च्या दुष्काळानंतर सर्बियातल्या मक्यात अ‍ॅफ्लाटॉक्सिन वाढले आणि २०१३ मध्ये तिथल्या दुधात ते मर्यादेबाहेर आढळले. तेव्हा दुधातली कायदेशीर मर्यादाच ०.०५ वरून ०.५ मायक्रोग्रॅमवर, म्हणजे दहापट वर, नेण्यात आली. दूध तेच राहिले आणि ते कायदेशीर ठरले. सर्बियाच्या सरकारपुढे दुसरा मार्ग कठीण होता, हे मी मान्य करतो, पण कठीण वर्षातच ज्या मर्यादेची गरज असते ती कठीण वर्षातच सैल होत असेल, तर तिचा आधार कोणी कसा धरावा?

निर्यातीच्या बाजूनेही हाच उतार दिसतो. २००१ साली जागतिक बँकेच्या संशोधकांनी एक अंदाज मांडला होता. युरोपीय संघाच्या नव्या कडक मर्यादांमुळे तिथे शंभर कोटी लोकांमागे वर्षाला साधारण १.४ मृत्यू टळतील आणि नऊ आफ्रिकी देशांची तृणधान्ये, सुकी फळे व कवचफळे यांची निर्यात सुमारे ६७ कोटी डॉलरनी घटेल, असा तो अंदाज होता. या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला. वादात बहुधा निर्यातदारांच्या नुकसानीचीच बाजू मांडली जाते. मला त्यातली दुसरी बाजू अधिक गंभीर वाटते. परत फिरलेला किंवा पाठवलाच न गेलेला तो माल त्याच देशांत राहिला असणार आणि तो तिथल्याच लोकांनी खाल्ला असणार, ज्यांच्यात हिपॅटायटिस-बी अधिक आणि आहार एकाच धान्यावर टेकलेला. एका देशाची चाळणी जितकी बारीक, तितके दुसऱ्या देशात चाळणीवर उरलेले जास्त. युरोपने मर्यादा सैल करावी, असे मी म्हणत नाही. चाळणीवर उरलेल्याचे काय करायचे, हा प्रश्न चाळणी लावणाऱ्यानेही आपला मानला पाहिजे.

चांगल्या धान्यात वाईट धान्य मिसळून सरासरी मर्यादेखाली आणणे, हा या व्यवहारातला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा मार्ग आहे. किलोमागे शंभर मायक्रोग्रॅमचा एक भाग आणि स्वच्छ धान्याचे नऊ भाग एकत्र केले की दहा मायक्रोग्रॅमचे दहा भाग तयार होतात आणि सगळे विकता येतात. युरोपीय कायद्याने अशा मिसळीला बंदी आहे, आणि ती योग्य आहे, कारण पेशीतल्या जनुकांवरच घाव घालणाऱ्या विषाचे निर्धोक प्रमाण असे सांगता येत नाही. मिसळीने विष नाहीसे होत नाही, त्याचा पत्ता तेवढा हरवतो.

म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींसाठी आहे, आणि त्या एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. पहिल्या खरेदीच्या जागी, म्हणजे शेतकऱ्याचे धान्य पहिल्यांदा तराजूवर चढते तिथे, ओल मोजून वजनाचा हिशेब कोरड्या धान्यावर करावा, आणि चांगल्या वाळवलेल्या धान्याला वरचा भाव द्यावा. ओल मोजायला काही मिनिटे लागतात आणि ती सगळ्या पोत्यात विषासारखी एका दाण्यात लपून बसत नाही, त्यामुळे विष मोजण्यापेक्षा ही तपासणी कितीतरी स्वस्त आणि भरवशाची आहे. तिथेच वाळवणी यंत्र सामाईक असावे, कारण पावसाळी हवेत उन्हाच्या भरवशावर वाळवा असे सांगणे अन्यायाचे आहे. दुसरी गोष्ट अशी की जे धान्य खाण्यालायक नाही असे ठरेल, ते सार्वजनिक पैशातून विकत घेतले जावे आणि ज्या घरात दुसरे धान्य नाही, तिथे पैशांऐवजी त्याच वेळी तेवढे स्वच्छ धान्य दिले जावे.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. विषारी धान्याचे पैसे मिळू लागले, तर माणसे धान्य जपणेच सोडतील. आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच हा भाव स्वच्छ धान्याच्या भावापेक्षा बराच खाली असला पाहिजे. तो चोरबाजारात मिळणाऱ्या भावापेक्षा मात्र वर हवा, नाहीतर धान्य तिकडेच जाईल. या दोन भावांमधली जागा अरुंद आहे, पण ती सापडू शकते. अमेरिकेत पीकविम्यात अशा विषाने झालेले नुकसान काही अटींवर धरले जाते, आणि नापास मक्यासाठी पायऱ्याही ठरलेल्या आहेत: दुभत्या जनावरांना माणसाइतकीच २० मायक्रोग्रॅमची मर्यादा, पैदाशीच्या गुरांसाठी १००, विक्रीपूर्वी पोसल्या जाणाऱ्या मोठ्या गुरांसाठी ३००. तिथल्या शेतकऱ्याला नापास माल लपवावासा वाटत नाही, असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे लपवण्याखेरीज दुसरी वाट असते, एवढे नक्की. या वाटाही जपूनच वापराव्या लागतात. नापास मक्यापासून कारखान्यात मद्यार्क काढला, तर मद्यार्कात विष येत नाही, पण मागे उरलेल्या चोथ्यात ते सुमारे तिपटीने दाट होते, आणि तो चोथा जनावरांचे खाद्य म्हणून विकला जातो. त्यामुळे विकत घेतलेले धान्य शेवटपर्यंत नोंदीत राहिले पाहिजे.

खर्च कोण करणार, हे विचारणाऱ्यांना मी चीनमधल्या चीदोंग भागाकडे पाहायला सांगेन. यकृताच्या कर्करोगाने तिथली माणसे फार मोठ्या संख्येने मरत, आणि त्यांचे मुख्य अन्न मका होते. १९८० च्या दशकात धान्यव्यापार खुला झाल्यावर लोक मक्याकडून तांदळाकडे वळले. त्यांच्या शरीरातल्या अ‍ॅफ्लाटॉक्सिनच्या खुणा झपाट्याने घटल्या आणि यकृताच्या कर्करोगाचे मृत्यूही पुढच्या काळात लक्षणीय घटले, तेही हिपॅटायटिसची लस न मिळालेल्या पिढीत. त्या लोकांना बुरशीवर कोणी व्याख्याने दिली नव्हती. त्यांना दुसरे धान्य परवडू लागले होते.

खरेदी केलेले नापास धान्य त्याच जागी, विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, न पुसता येणाऱ्या रंगाने रंगवावे, जसे औषध लावलेले बियाणे रंगवतात, म्हणजे ते रात्रीतून पुन्हा बाजारात शिरणार नाही. वजनाची पावती आणि बदली धान्य त्याच दिवशी हातात पडावे. चार महिन्यांनी मिळणाऱ्या भरपाईच्या आशेवर कोणीही आपले पोते रंगवू देणार नाही, आणि ज्याच्या घरी आज चूल पेटवायची आहे त्याच्याकडून तशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.